वाचकांचे प्रश्न: वाड्याच्या तुळईतून बेस गिटार निघेल का?

प्रश्न: आमचा जुना वाडा पाडला तेव्हा सागवानाची एक तुळई ठेवून घेतली होती, सहा फूट लांब आणि चांगली जाड आहे. मी बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. त्या लाकडातून चार तारांचा नेक-थ्रू बेस करायचाय, ओळखीचे सुतारकाका मदत करतो म्हणालेत. सागवान चालेल का आणि सुरुवात कुठून करू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: चालेल की, आणि असलं लाकूड हाताशी आहे म्हणजे तुम्ही नशीबवान आहात. वखारीतलं नवं लाकूड ‘एकदम सीझन्ड आहे साहेब’ म्हणून मिळतं आणि पुढच्या पावसाळ्यात पिळतं, तुमची तुळई इतकी वर्षं छताखाली सुकलीये, तिला जे काय वळायचं होतं ते वळून झालंय. फक्त रंधा मारायच्या आधी एक चांगलं लोहचुंबक घेऊन चारी बाजूंनी फिरवा. जुन्या तुळईत मोडलेले खिळे आणि चुका (बारीक खिळे) असतातच, वरून दिसत नाहीत, पण सागवानात लोखंड असेल तिथं आजूबाजूला काळपट डाग पडलेला असतो, तो दिसला की आत काहीतरी आहे समजायचं. एक खिळा रंध्याच्या पात्याखाली आला की पातं गेलंच, वर काकांच्या शिव्या वेगळ्या.

आता नेक-थ्रूची मेख काय, तर नेक (म्हणजे गिटारची लांब मान) आणि बॉडीचा मधला भाग हे एकच सलग लाकूड असतं, हेडस्टॉकपासून (चाव्या असतात ते वरचं टोक) पार खालच्या टोकापर्यंत, आणि बॉडीच्या विंग्ज, म्हणजे बाजूचे तुकडे, दोन्ही बाजूंना नंतर चिकटवतात. बोल्ट-ऑनमध्ये नेक बिघडला तर चार स्क्रू काढून दुसरा बसवता येतो, इथं नेक बिघडला की सगळाच बेस बिघडला. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, अर्ध्याहून जास्त वेळ मधल्या पट्टीवर घालवा, बॉडीचा आकार, रंग, तारा पिळायच्या सोनेरी चाव्या हे सगळं नंतर.

सुरुवात लाकडापासून नाही, कागदापासून करा. ब्राउन पेपरचा रोल आणा आणि पूर्ण मापाचं चित्र काढा, वरून एक आणि बाजूने एक, बाजूचं तर हवंच. ३४ इंची स्केल म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी) ब्रिजच्या सॅडलपर्यंत (बॉडीकडे तार जिथं टेकते तो तुकडा) ८६३.६ मिलीमीटर, त्यात हेडस्टॉक आणि ब्रिजमागचा भाग धरला की पट्टी साधारण चार फुटाची लागते. बाजूच्या चित्रात फ्रेटबोर्डची (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) जाडी, फ्रेटची (त्यावरच्या धातूच्या आडव्या तारा) उंची आणि तुमच्या ब्रिजची खरी उंची मांडा, त्यासाठी ब्रिज आधी विकत घेऊन हातात असला पाहिजे, नेटवरच्या मापांवर जाऊ नका. मग कळतं की नेकला एक-दोन अंशाचा कल द्यायचाय, की नेक सरळ ठेवून फ्रेटबोर्ड बॉडीच्या वर उचलून ठेवायचाय. हा निर्णय विंग्ज चिकटवायच्या आधीच होतो, नंतर कल बदलता येत नाही, लोक इथंच अडकतात आणि मग तारा फ्रेटपासून एवढ्या उंच राहतात की वाजवणाऱ्याची बोटं दुखून येतात.

पट्टी एकसंध ठेवू नका, तीन किंवा पाच थरांची करा. सागवानाच्या दोन-तीन पट्ट्या आणि मध्ये शिसवाचे बारीक थर, पट्ट्यांच्या लाकडातल्या रेषा एकमेकींच्या उलट फिरवून लावा म्हणजे एक थर डावीकडे ओढायला लागला की दुसरा त्याला धरतो. चार तारांचा ताण मिळून ७०-८० किलोच्या आसपास जातो आणि तो रात्रंदिवस असतो, बेस भिंतीला टांगलेला असला तरी. सागवान तेलकट असतं, त्यामुळे चिकटवायच्या लगेच आधी ताजा रंधा मारा आणि अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसून घ्या, काल पुसून आज चिकटवलं तर उपयोग नाही, तेल परत वर येतं. पट्ट्यांना चांगला सुतारी फेविकॉल चालतो पण फ्रेटबोर्ड बसवताना मी इपॉक्सी वापरा म्हणेन, फेविकॉलमधल्या पाण्याने बारीक नेक हमखास वाकतो.

ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली लोखंडी सळई) दोन्हीकडे फिरणारा घ्या, तो फिरवायचा नट (बोल्टसारखा) हेडस्टॉककडे ठेवा कारण बॉडीकडे ठेवलात तर पिकअपखाली (तारांचा आवाज टिपणारा भाग) गाडला जाईल. आणि खाचेत बसवायच्या आधी दोन्ही बाजूंना फिरवून बघा, फ्रेटबोर्ड चिकटल्यावर रॉड खराब निघाला तर रडायलाही जागा नाही.

फ्रेटची मापं: स्केलला १७.८१७ ने भागलं की पहिली फ्रेट मिळते, ४८.४७ मिलीमीटर. दुसरी ९४.२२, बारावी बरोबर मधोमध ४३१.८. प्रत्येक माप नटपासूनच घ्या. आधीच्या फ्रेटपासून पुढची मोजत गेलात तर अर्ध्या केसाची चूक चोविसाव्या फ्रेटपर्यंत दोराएवढी होते. ब्रिज बसवताना ‘जी’ (सगळ्यात बारीक) तारेचं सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला असताना स्केलच्या मापावर येऊ द्या, कारण जाड ‘ई’ तारेचं सॅडल तीन-चार मिलीमीटर मागेच लागणार, तेवढी जागा मागे उरली पाहिजे.

शिसव घासताना मास्क लावाच, त्याच्या भुशाने बऱ्याच जणांना अंगाला खाज येते, श्वासाचा त्रासही होतो. काका ऐकणार नाहीत, तरी सांगून बघा.

प्रश्न: नेक-थ्रूमध्ये सस्टेन (तार वाजवल्यावर आवाज टिकणं) खरंच जास्त असतो का? एवढी मेहनत घ्यावी का? — ठाणे

उत्तर: सस्टेनसाठी घेऊ नका. चांगला बसलेला बोल्ट-ऑन नेकही भरपूर वाजतो आणि गाण्यात ड्रम्सबरोबर हा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. खरा फायदा वरच्या फ्रेट्सवर आहे, मागे टाचेचा ठोकळा नसतो त्यामुळे हात सरळ वर जातो. बाकी ही पद्धत काही नवीन नाही, रिकनबॅकरचा ४००० हा बेस १९५७ चा आणि गिब्सनचा थंडरबर्ड १९६३ चा, दोन्ही नेक-थ्रू.

प्रश्न: फणसाच्या विंग्ज लावून बेस पूर्ण केलाय, घासून एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचे दोन हात मारले तर जुलैत सगळं दुधाळ पांढरं पडलं. काढून टाकू का? माझे काका म्हणतात चपडी (लाखेचं) पॉलिशच करायला पाहिजे होतं. — रत्नागिरी

उत्तर: काढू नका, थांबा. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि आत अडकते, जुलैत कोकणात दुसरं काय होणार. चांगलं ऊन पडेल अशा कोरड्या दिवशी सावकाश सुकणाऱ्या रिटार्डर थिनरचा अगदी पातळ फवारा मारा, वरचा थर मऊ होतो, ओल निघून जाते आणि बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. पुढचे हात मात्र दिवाळीनंतरच.

काकांचंही अगदी चुकीचं नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्यांवर चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवतात, त्या चमकेला तोड नाही आणि फणसाचा पिवळा रंग त्याखाली काय सुंदर दिसतो. पण बेसच्या नेकवर तळहात सतत घासतो, घामाने चपडी चिकट होते आणि झिजते. तेव्हा बॉडीला चपडी आणि नेकच्या मागच्या बाजूला तेल असं करता येतं, दोन्हीची हद्द बॉडीच्या वळणावर मास्किंग टेप लावून आखा. नेक-थ्रू असल्यामुळे नेक काढून वेगळा रंगवता येत नाही, हेडस्टॉकच्या चावीच्या भोकात तार घालून अख्खा बेस टांगा आणि फ्रेटबोर्ड पूर्ण टेपने झाकून घ्या. तेल लावायच्या आधी ओलं फडकं फिरवून लाकडाचे रोम उभे करा, सुकल्यावर ३२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासा, नाहीतर पहिल्या हातानंतर नेक दाढीचे खुंट आल्यासारखा लागतो.

आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळ्यात आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

प्रश्न: नवा बेस पट्ट्याने गळ्यात घातला की हेडस्टॉक खाली जातो. — पुणे

उत्तर: बॉडीच्या वरच्या शिंगावरचं (टोकदार भागावरचं) पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचतंय का बघा. आखूड शिंग असेल तर आकार आता बदलणार नाही, हलक्या चाव्या लावा आणि रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या, बराच फरक पडेल.

प्रश्न: अ‍ॅम्प लावला की घूं आवाज येतो, तारांना हात लावला की कमी होतो. ग्राउंडची वायर सुटली असेल का? — नाशिक

उत्तर: नाही, ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे म्हणूनच हात लावल्यावर कमी होतो. बॉडीतली वायरिंगची पोकळी आतून तांब्याच्या चिकटपट्टीने मढवा, झाकणाची आतली बाजूसुद्धा, पट्ट्या एकमेकींना टेकल्यात का ते मल्टिमीटरने तपासा आणि त्यातली एक ग्राउंडला सोल्डर करा. त्यानंतरही राहिला तर घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनला बोलावून बघून घ्या.