आमच्या माघारी हिचे काय?

अपंग अपत्याचे आईवडील साठी ओलांडून गेले की माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात तो बहुधा एकच असतो. आम्ही आहोत तोवर ठीक आहे, आमच्या माघारी हिचे काय? सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका कुटुंबाची हकीकत येथे देत आहे, कारण या प्रश्नाची पैशाची बाजू आणि मनाची बाजू एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे त्यांच्याबरोबर काम करताना मला फार स्पष्ट दिसले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी चौतीस वर्षांची, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा न राहण्याची अवस्था, असलेली. चाकाची खुर्ची वापरते, बोलणे सावकाश आणि जड आहे, पण बुद्धीला कसलीही बाधा नाही. मराठी घेऊन बी. ए. झालेली आहे आणि घरी बसून पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले आणि धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. वडिलांनी येतानाच ठरवून टाकले होते की मुलाला तिचा कायदेशीर पालक नेमायचे, सर्व ठेवी मुलाच्या नावावर करायच्या आणि तो बहिणीला सांभाळेल. त्यासाठी कोणता अर्ज करावा, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी प्रश्न मुलीला विचारत होते आणि उत्तरे वडील देत होते. ती बोलायला तोंड उघडी, की आई आधी पदराने तिची हनुवटी पुसत असे आणि तेवढ्यात वडिलांचे वाक्य पूर्ण झालेले असे. शेवटी मी त्या दोघांना काही वेळ गप्प राहण्याची विनंती केली आणि थांबले. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, “माझ्या कामाचे पैसे बाबांच्या खात्यात जमा होतात. किती साठलेत, ते मला माहीत नाही.” वडील दचकले. त्यांच्या मनात काही लबाडी नव्हती. मुलीचे वेगळे खाते असावे, हे त्यांना कधी सुचलेच नव्हते.

पालकत्वाविषयी आधी सांगते, कारण येथेच बहुसंख्य कुटुंबांचा घोटाळा होतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्याखाली आत्ममग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो, हे खरे आहे. मात्र त्या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि असल्यास नेमकी कशासाठी, हे समितीने आधी तपासावे, असे तोच कायदा सांगतो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मालमत्ता धारण करण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहण्याचा अधिकार इतरांच्या बरोबरीने अपंग व्यक्तीला दिलेला आहे, आणि एखाद्या व्यवहारात मदतनिसाचे स्वतःचे हितसंबंध गुंतलेले असतील तर त्याने त्या व्यवहारापासून दूर राहावे, असेही म्हटले आहे. जी मुलगी इतरांच्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घ सुधारते, तिला पालक कशाला हवा, असे मी विचारले तेव्हा आईच प्रथम हसली.

मग खात्याचे काम निघाले. एका बँकेच्या शाखेत तिची सही दर वेळी निराळी येते म्हणून वडिलांसह संयुक्त खातेच काढा, असा आग्रह झाला. खातेदाराला सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा घेता येतो आणि बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांनी, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, त्याची ओळख पटवायची असते, ही रिझर्व्ह बँकेने घालून दिलेली पद्धत लेखी अर्जात नमूद केल्यावर खाते एकट्या तिच्या नावाने उघडले गेले. मुद्रितशोधनाचे मानधन आता तेथे जमा होते. पुढे ठेवींची वाटणी, राहत्या घरात तिचा हयातीपर्यंतचा हक्क आणि तिच्यासाठी वेगळा न्यास (ट्रस्ट) यांची तरतूद असलेले मृत्युपत्र वडिलांनी वकिलाकडून करून घेतले. ठेवींवर नामनिर्देशन (नॉमिनेशन) केले म्हणजे वारसाहक्क ठरला, असा त्यांचा समज होता. नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारते, ती कोणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो, हे समजल्यावर ते ठेवींच्या सगळ्या पावत्या पुन्हा काढून तपासायला बसले. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण आगाऊ वैद्यकीय तपासणीविना मिळते. त्यातही तिचे नाव नोंदवले. दर वर्षी नूतनीकरण विसरता कामा नये, एवढेच.

खरा पेच पडला तो कुटुंब निवृत्तिवेतनाचा. केंद्र सरकारच्या नियमांनुसार वडिलांनंतर आईला आणि आईनंतर अपंग अपत्याला ते तहहयात मिळू शकते, आणि त्यासाठी वडिलांच्या हयातीतच निवृत्तिवेतन आदेशात तिचे नाव घालून घेणे शहाणपणाचे असते. परंतु त्यासाठी अपंगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, असे प्रमाणपत्र लागते. तिने तो नमुना वाचला आणि बाजूला ठेवला. “मी कमावते. मी असे लिहून देणार नाही,” ती म्हणाली.

वडिलांना हा हट्ट वाटला. मला तसे वाटले नाही. अमेरिकेत २६ जुलै १९९० रोजी अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्याच्या स्मरणार्थ तेथे जुलै महिना अपंगत्वाच्या अभिमानाचा म्हणून पाळतात. आपल्याकडे तसा महिना रुळलेला नाही, परंतु स्वतः चाकाची खुर्ची वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, तेव्हा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने दयेसाठी हात पसरायचा नाही, हा बाणा त्यात होताच. ज्या मुलीला तो बाणा चौतिसाव्या वर्षी सापडतो आहे, तिला अर्जासाठी तो सोडून दे म्हणणे मला पटेना. तरीही हक्काची रक्कम सोडणे हा अभिमान नव्हे, हेही सांगणे भाग होते. २०२१ मध्ये केंद्राने अपंग अपत्यांसाठी उत्पन्नाची अट सैल केली असून, इतर मार्गांनी मिळणारे उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतनाच्या सर्वसाधारण दरापेक्षा, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्यावरील महागाई साहाय्यापेक्षा कमी असेल, तर ती व्यक्ती पात्र ठरते. मुद्रितशोधनातून मिळणारे पैसे त्या मर्यादेच्या बरेच खाली होते. तिने दोन आठवडे विचार केला, अर्ज भरला आणि सोबत एक स्वतंत्र पान जोडले, ज्यावर ती कोणते काम करते आणि त्यातून किती मिळते, ते तिने स्वतः टंकून लिहिले होते. अशा पानाची नियमाने गरज नव्हती, पण तिला होती.

दरम्यान मी तिला त्याच गावातील प्रौढ अपंगांच्या एका गटाची गाठ घालून दिली. वाचनालयाला पायऱ्या नाहीत म्हणून ते महिन्यातून एकदा तेथे जमतात. पहिल्या बैठकीला आईवडील शेजारी बसून होते, नंतर त्यांना बाहेर चहाला पाठवण्यात आले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, तो नगरपरिषदेने कोठे खर्च केला, हे विचारणारे निवेदन त्या गटाने दिले आणि त्यातील शुद्धलेखन अर्थातच हिने तपासले. पालक मला विचारतात, की बैठकांनी पोट भरते का? भरत नाही. पण मृत्युपत्र कितीही चोख असले तरी ते अमलात येते आहे की नाही, हे पाहणारी, भावाला फोन करून विचारणारी, ती दोन बैठकांना आली नाही तर घरी येऊन दार वाजवणारी माणसे रक्ताच्या नात्याबाहेरही असावी लागतात, आणि ती आईवडिलांच्या हयातीतच जोडावी लागतात.

भाऊ मात्र दुखावला होता. “माझ्यावर विश्वास नाही का?” असे त्याने विचारले. त्याला बहिणीनेच उत्तर दिले, “आहे. म्हणून तर तुझ्यावर सगळे टाकत नाही, दादा.” तो तिच्याहून धाकटा, पण लहानपणापासून ती त्याला लाडाने दादाच म्हणते. तिला कायमचे पुण्याला न्यावे लागेल, या कल्पनेने तो लग्नानंतर किती धास्तावला होता, हे त्याने त्या दिवशी प्रथमच मोकळेपणाने सांगितले.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने सर्वांत शेवटी, मुलगी खोलीबाहेर गेल्यावर काढला. पैशाचे झाले, पण हिला अंघोळ कोण घालणार? या प्रश्नाला कोणत्याही योजनेत तयार उत्तर नाही. आम्ही ठरवले, की आईचे हातपाय चालतात तोवरच आठवड्यातून दोन सकाळी पगारी बाई ठेवायची, आणि खुर्चीतून कसे उचलायचे, पाणी किती गरम हवे, कोठे हात लावायचा नाही, हे त्या बाईला आईने नव्हे तर मुलीने सांगायचे. पहिली बाई महिन्याभरात सोडून गेली. दुसरी टिकली आहे. तिचा पगार मुलगी स्वतःच्या खात्यातून देते. निवृत्तिवेतन आदेशातील दुरुस्ती अद्याप यायची आहे आणि तिचा पाठपुरावाही तीच करते.