पीसीचं टेम्परेचर १२७ डिग्री आणि १२ व्होल्टच्या जागी ८ दाखवतंय, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलू का?

म्हणजे तुझं म्हणणं असं, की इंटेलच्या आय५ सीपीयूचा असेंबल पीसी आहे, गेम लावली की अडकायला लागतो, दोन वेळा आपोआप बंद पण पडला, मग एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर टीएमपीआयएन ३ नावाच्या टेम्परेचरच्या ओळीसमोर १२७ डिग्री, प्लस १२ व्होल्टसमोर ८.०, आणि सीपीयूच्या कोरसमोर गेम चालू असताना ९७-९८. तासगावातल्या दुकानदारानं पहिले दोन आकडे बघून सांगितलं की एसएमपीएस गेला आणि मदरबोर्ड पण जाणार.

भावा, पैसे देऊ नको अजून. दुकानदार ज्या दोन आकड्यांना घाबरलाय त्यांना काय अर्थ नाही, बघायचा आकडा ९८ आहे. मी सांगलीत पंधरा वर्षं हेच दुरुस्तीचं काम करतोय आणि अगदी हीच चूक मी स्वतः करून बसलोय, ते सांगतोच पुढं.

आधी १२७ चं बघू. मदरबोर्डवर एक चिप असते, सुपर आयओ म्हणतात तिला, बहुतेक आयटीई नाहीतर नुव्होटॉनची असते. पंख्याचा स्पीड, व्होल्टेज, बोर्डाचं टेम्परेचर हे सगळं ती मोजते. तिला टेम्परेचरचे सेन्सर जोडायला तीन किंवा जास्त पिना असतात, पण बोर्ड बनवणारा बऱ्याचदा दोनच जोडतो आणि तिसरी तशीच मोकळी सोडतो, आणि मोकळ्या पिनेवर चिपला काय कळणार, ती टोकाचा आकडा देऊन मोकळी होते. १२७ च का, तर आठ बिटात प्लस-मायनस आकडा बसवायचा म्हटलं की मायनस १२८ ते प्लस १२७ एवढीच जागा असते. म्हणजे ते टेम्परेचर नाहीच, पट्टी जिथं संपते तिथला आकडा आहे. काही बोर्डांवर त्याच जागी मायनस ५५ दिसतं, मग काय पीसीत बर्फ पडला म्हणायचं का. ट्रॅक्टरच्या सेन्सरची वायर तुटली की डॅशबोर्डवरचा काटा एका टोकाला जाऊन बसतो ना, तसलाच प्रकार.

खात्री करायची असली तर पीसी रात्रभर बंद ठेवून उद्या सकाळी चालू कर आणि लगेच बघ. पहिल्याच मिनिटाला १२७ असेल आणि गेम लावल्यावर पण १२७ च असेल तर तो आकडा तू विसरून जा. खरं टेम्परेचर जागेवर बसत नाही, काम वाढलं की वर जातं, काम थांबलं की खाली येतं.

आता ८ व्होल्टचं. त्या चिपच्या पिनेला थेट १२ व्होल्ट झेपत नाहीत, म्हणून बोर्डावर दोन रेझिस्टर लावून ते वाटून कमी करून चिपला देतात आणि सॉफ्टवेअरनं परत गुणून मूळ आकडा दाखवायचा असतो. समज तुझ्या बोर्डावर सहा पट कमी केलंय, तर चिपला दिसतात २ व्होल्ट. पण सॉफ्टवेअरला वाटतंय की चार पट कमी केलंय, मग ते २ गुणिले ४ करून ८ दाखवतं. बोर्डागणिक रेझिस्टर वेगळे, आणि सॉफ्टवेअरवाल्याकडं प्रत्येक बोर्डाचा हिशोब कुठनं असणार. १२ ची लाईन खरंच ८ वर आली असती तर तुझा पीसी चालूच झाला नसता, गेम तर लांबच राहिली. बायोसमध्ये (विंडोज चालू व्हायच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) जाऊन हार्डवेअर मॉनिटरचं पान बघ, तिथला आकडा बोर्ड बनवणाऱ्यानं स्वतः बसवलेला असतो, तिथं १२ च्या आसपास दिसेल. ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं, पाच टक्के इकडंतिकडं. हां, बायोसमध्ये सीपीयूचं टेम्परेचर विंडोजपेक्षा थोडं जास्त दिसेल, त्याचं टेन्शन घेऊ नको, तिथं सीपीयूचं पॉवर सेव्हिंग चालू नसतं.

आता माझी चूक. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर होता, दुपार झाली की स्लो व्हायचा, पावती निघायला पाच पाच मिनिटं. तेव्हा मी नवीन होतो, तुझ्या दुकानदारासारखंच सॉफ्टवेअर टाकलं, १२ च्या जागी ७.९ दिसले, छाती ठोकून सांगितलं की एसएमपीएस गेला, आणि नवीन बसवून दिला. दुसऱ्या दिवशी फोन, परत तेच. गेलो तर नवीन एसएमपीएसवर पण ७.९ च! अडतवाले काका काय ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "जुना कुठं जळलाय ते दाखव की मला." काय दाखवणार. मग गप कॅबिनेट बाहेर ओट्यावर आणलं, सीपीयूचा पंखा काढला आणि बघतो तर पंखा आणि हीटसिंक (सीपीयूची उष्णता ओढणारा पातळ पत्र्यांचा ठोकळा) यांच्या मधी पिवळी गादी. हळदीची पूड, पोत्याचे तंतू आणि धूळ असं सगळं मिळून घोंगडीसारखं बसलेलं, बोटानं उचललं तर अख्खा चौकोन उचलून आला. हवा जायला जागाच नाही. ते काढता काढता माझे हात हळद लागलेल्या नवरदेवासारखे झाले. साफ करून चालू केलं, ९४ ला जाणारा कोर ६१ ला थांबला. जुना एसएमपीएस परत बसवला, नवा परत घेतला, आणि त्या दिवसाची मजुरी मागायचं काय तोंड झालं नाही.

तर तुझा ९८. तो आकडा सुपर आयओ चिपचा नाही, तो सीपीयूच्या आतल्या सेन्सरचा आहे म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा. इंटेलच्या सेन्सरची गंमत अशी की तो थेट डिग्री सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती लांब आहे ते सांगतो. डेस्कटॉपच्या बऱ्याच आय५ ला ती मर्यादा १०० आहे, सेन्सर म्हणतो "अजून २ बाकी", सॉफ्टवेअर १०० मधून २ वजा करून ९८ दाखवतं. हा सेन्सर मर्यादेजवळ बरोबर असतो, थंड असताना चार-पाच डिग्री इकडंतिकडं होतो, म्हणून रिकामा पीसी ३८ दाखवतोय का ४३ यावर डोकं लावू नको. फक्त एक, मे महिन्यात खोलीत ३८-४० असताना कोणी म्हणालं माझा सीपीयू २५ वर चालतो तर हसून सोडून दे, पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

मर्यादेला टेकलं की सीपीयू स्वतःला वाचवायला स्पीड पाडतो, तेच तुझं गेम अडकणं. एचडब्ल्यू इन्फो नावाचं तसलंच दुसरं सॉफ्टवेअर टाक, त्यात थर्मल थ्रॉटलिंगची (तापल्यामुळं स्पीड पाडण्याची) ओळ असते, तिथं येस दिसलं की विषय संपला. पण टाकायच्या आधी एचडब्ल्यू मॉनिटर बंद कर, दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी त्याच चिपला विचारायला लागली की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात जातं आणि मधीच पंखा ० किंवा भलतंच काहीतरी दिसतं. आणि एखादं जुनं टूल टाकलं आणि विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसनं विनरिंग झिरो नावाची फाईल पकडली तर डिफेंडर बंद करत बसू नको. ती ड्रायव्हरची फाईल आहे, तिच्यात खरंच सुरक्षेचं भोक आहे, २०२५ च्या मार्चपासून मायक्रोसॉफ्ट तिला अडवतंय.

आता नीट बघायची गोष्ट म्हणजे ९८ ला किती वेळात पोचतो, हे कोणी बघतच नाही आणि अर्धं निदान इथंच होतं. पीसी रिकामा ठेव, ४५ वगैरे असेल, मग गेम लाव आणि घड्याळ बघ. चार-पाच सेकंदात ९० पार झाला तर कूलर (हीटसिंक आणि पंखा मिळून) सीपीयूला नीट टेकलेलाच नाही किंवा दोघांच्या मधली उष्णता नेणारी पेस्ट वाळून खडू झालीय. हळूहळू चढत दहा मिनिटांनी ९८ आला तर उष्णता हीटसिंकमध्ये जातेय पण तिथनं बाहेर निघत नाही, म्हणजे धूळ, नाहीतर कॅबिनेट भिंतीला चिकटून ठेवलंय. साईडचा पत्रा काढून परत तीच गेम खेळ, आठ-दहा डिग्री उतरलं तर हवेचाच प्रॉब्लेम.

पहिला प्रकार निघाला तर कूलरचे चार प्लास्टिकचे पाय बघ. कंपनीच्या कूलरला वर काळ्या टोप्या असतात, त्यावर बाण असतो, त्या बाणाच्या दिशेनं फिरवलं की पाय सुटतो, म्हणजे बसवताना उलटं फिरवलेलं पाहिजे. यातला एक जरी पाय अर्धवट बसला तरी कूलर तिरका होतो, वरनं बघून अजिबात कळत नाही, बोर्डाच्या मागनं बघायचं, चारही पांढऱ्या पायांच्या मधनं काळी खिळी बाहेर आलेली दिसली पाहिजे. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लाव, लोणी लावल्यासारखी थापू नको, आणि बसवताना समोरासमोरचे पाय जोडीनं दाब, टक्क आवाज आला पाहिजे. दुसरा प्रकार असेल तर ब्लोअर मार, पण पंख्याची पाती बोटानं धरून, नाहीतर तो ब्लोअरनं भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

राहिलं ते आपोआप बंद पडणं. हे मी सरळ उष्णतेवर ढकलणार नाही, कारण १०० ला सीपीयू आधी स्लो होतो, बंद पडायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींची वही) कर्नल पॉवर ४१ नावाची नोंद दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला, कारण त्यात नसतं. तुझ्याकडं यूपीएस आहे का ते लिहिलं नाहीस. सध्या वळवाचे दिवस, दुपारी चारला वारं सुटलं की लाईट क्षणभर डोळा मारते, बल्ब नुसता मिचकतो पण पीसी जातो, तेव्हा त्या दोन वेळा असलं काय झालं होतं का आठव.

तसं नसेल आणि कूलर नीट करून कोर ७५-८० वर आल्यावर पण पीसी बंद पडला, तर मग एसएमपीएसवर संशय घे, पण मल्टीमीटर लावून. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्समध्ये (चार पिनांचा प्लग) काळी सुई काळ्या वायरला, लाल सुई पिवळीला, गेम चालू ठेवून, आणि सुया एकमेकींना टेकू देऊ नको. ११.४ च्या खाली आलं तर बदल. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नको, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावर पण झटका देतात. मीटर नसला तर सांगलीला येशील तेव्हा पीसी घेऊन ये, मोजायचे काय पैसे घेत नाही मी.