कावडीतले पूर्वज

प्रश्न : निवृत्तीनंतर मी आणि आमचे हे बरंच फिरलो. राजस्थानातली कावड (कवाडं उघडत जाणारी चित्रांची लाकडी पेटी), आंध्रातल्या कोंडापल्लीच्या लाकडी बाहुल्या, स्वीडनचा दालार्ना घोडा बघून मी घरच्या आंब्याच्या पाटांवर तशी चित्रं रंगवली. दिवाळीनंतर प्रदर्शन मांडायचं आहे. नातेवाईक म्हणतात, ही नुसती नक्कल. शिवाय पावसाळ्यात दोन पाटांचे पोपडे निघाले. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, प्रदर्शन मांडाच. पण आधी कावडीबद्दल बोलते, माझा जीव तिथे अडकलाय. चितोडगडजवळच्या बस्सी गावात सुतार ती घडवतात, रंगवतात आणि गोष्ट सांगणारे कावडिया भाट ती घेऊन जजमानांच्या, म्हणजे आपल्या आश्रयदात्यांच्या दारी जातात. एकेक कवाड उघडतं, तशी कथा पुढे सरकते. देवदेवतांबरोबर जजमानांच्या पूर्वजांचीही चित्रं आत असतात. मी तरुणपणी त्यातली एक फळी जशीच्या तशी उतरवली होती. ती कुणाची तरी वंशावळ आहे हे कळलं, त्या दिवशी भिंतीवरून काढली. तुम्ही उघडणाऱ्या कवाडांची रचना जरूर घ्या, पण आत तुमची वाशिष्ठी नदी येऊ दे, तुमचं आजोळ येऊ दे, प्रवासात भेटलेली माणसं येऊ देत. रचना शिकणं म्हणजे नक्कल नव्हे. दुसऱ्याचे पूर्वज आपल्या पाटावर आणणं मात्र मला पटत नाही.

दालार्नाचा घोडा मुळात मुलांचं खेळणं, आमच्या सावंतवाडीच्या खेळण्यांच्याच नात्यातला. तो मोकळेपणी रंगवा.

प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावा : कला कुठल्या गावची, मूळ लाकूड कोणतं. कोंडापल्लीला तेल्ला पोनिकीचं हलकं लाकूड लागतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांचं आले मर आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाच्या खेळण्यांचा अंकुडू हे एकच झाड, आणि ते म्हणजे आपला काळा कुडा! हे कळलं तेव्हा मी घराच्या मागे जाऊन आमच्या कुड्याला हात लावून आले.

आता पोपडे. पाट खालून कोरा राहिला असणार. दमट हवा तिथून शिरते, लाकूड फुगतं, वरचा रंग तेवढा ताणला जात नाही आणि सुटतो. करवतीने कापलेल्या दोन्ही कडा तर सगळ्यात जास्त ओल पितात. सुटलेला रंग खरवडा, पाट ऑक्टोबरमध्ये सावलीत पण वाऱ्यावर वाळू द्या. भर उन्हात ठेवलात तर तडकेल. मग पॉलिश पेपर, अस्तर, रंग. शेवटी व्हार्निश वरून, खालून आणि कडांनाही द्या, प्रत्येक हात पुरता वाळल्यावरच पुढचा.

आणि कावडीपुढे ‘हात लावू नये’ अशी पाटी नको. कुणीतरी शेजारी बसून कवाडं उघडत गोष्ट सांगायला हवी. ती तुम्हीच सांगा.