युद्धानंतर मोझांबिकला एवढी परदेशी मदत मिळाली, त्याने गरिबी कमी झाली का?

आधी बरीच झाली, मग अडकली. १९७७ पासूनचं यादवी युद्ध १९९२ च्या रोम कराराने थांबलं. १९९६-९७ मध्ये सुमारे ६९ टक्के लोक गरीब होते. २००२-०३ मध्ये हे प्रमाण ५४ टक्क्यांवर आलं. २००८-०९ मध्येही ते जवळपास तेवढंच!

मदतीतलं सगळ्यात मोलाचं काम माझ्या मते भूसुरुंग काढण्याचं. माणूस गुडघ्यावर बसून वीत-वीत जमीन तपासत पुढे सरकतो, तेव्हा कुठे त्या रानात पुन्हा कुदळ पडते. हे काम २०१५ पर्यंत चाललं.

काजूचं मात्र फार वाईट वाटतं. जागतिक बँकेच्या अटीमुळे कच्च्या काजूवरचा निर्यात कर घटवला, माल न सोलताच भारतात जाऊ लागला आणि काजू कारखान्यांतल्या हजारो कामगारांची रोजीरोटी गेली. त्यांत बायका कितीतरी. एका हाताने मदत द्यायची आणि दुसऱ्या हाताने काम काढून घ्यायचं, याला काय म्हणायचं?

पुढे २०१६ मध्ये सरकारी हमीची शंभर कोटी डॉलरहून जास्त कर्जं संसदेपासून लपवल्याचं उघड झालं. देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला थेट मिळणारा पैसा थांबवला. त्या कर्जांशी काडीचा संबंध नसलेल्या गरिबांनाच त्याची झळ बसली.