नदीकाठची मोटर दीड किलोमीटरवरच्या वस्तीवरून वायरलेसनं चालू-बंद करायची आहे, पण उसात रेंज तुटते. कोणतं मॉड्यूल घ्यावं आणि रेंज कशी तपासावी?

तुमची अडचण मला कळली ती अशी: वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी साडेसात एचपीची मोटर, वस्ती तिथून दीड किलोमीटर, मधे सगळा ऊस. ४३३ मेगाहर्ट्झची साधी ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी लावली. ती मोकळ्या रानात चालली आणि उसाच्या कडेला दीडशे मीटरवर गप्प झाली. आता 'पाच किलोमीटर रेंज'वालं लोरा (कमी वेगानं पण दूरवर निरोप पोचवणारा रेडिओ) मॉड्यूल घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

लोरा घ्या, पण त्या पाच किलोमीटरवर विसंबू नका. तो आकडा उंचावरच्या दोन अँटेनांमध्ये काहीच आडवं नसतानाचा असतो. तुमचं काम वेगळं आहे: आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला, पाऊस पडून पानं ओली आणि शेजारी मोटर चालू, अशा वेळी सिग्नल पोचून वर किती डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) शिल्लक राहतात ते बघायचं. ही शिल्लक कळली की किलोमीटरची चर्चाच उरत नाही.

मॉड्यूल एसएक्स१२७६ चिपचं घ्या, उदाहरणार्थ आरए-०१एच. ते ८०३ ते ९३० मेगाहर्ट्झमध्ये कुठेही लावता येतं, म्हणून फ्रिक्वेन्सी आपणच नीट ठरवायची. भारतात ८६५ ते ८६७ हा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे. १ वॉटपर्यंत ट्रान्समीटर आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ ही मर्यादा. तुम्ही ८६६ ठेवा, बँडविड्थ (सिग्नलची रुंदी) १२५ किलोहर्ट्झ. आर्डुइनोच्या (छोट्या कंट्रोलर बोर्डच्या) लोरा लायब्ररीच्या उदाहरणांत ९१५ लिहिलेलं असतं, ते तसंच चढवू नका. ९१५ च्या अगदी खालीच मोबाईल टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा पट्टा आहे. दुसरं म्हणजे त्या लायब्ररीत सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडलं का हे ओळखणारा तपास) मुळात बंद असतो, तो दोन्ही बाजूंना चालू करा. नाहीतर बिघडलेलं पॅकेटही खरं समजून घेतलं जाईल, आणि इथे पॅकेट म्हणजे मोटर आहे.

हे मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे. ५ व्होल्टच्या आर्डुइनो ऊनो बोर्डाला थेट जोडलं तर आज चालेल, उद्या जाईल. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी किंवा ईएसपी३२ बोर्ड वापरा. पूर्ण ताकदीवर पाठवताना मॉड्यूल साधारण १२० मिलिअँपिअर ओढतं, म्हणून त्याच्या पायांजवळच १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ चा कपॅसिटर लावा. 'टेबलावर येतं, शेतात येत नाही' अशा तक्रारीत रेडिओइतकाच बारीक वायरीवरून बसणारा व्होल्टेजही दोषी असतो. अँटेना जोडल्याशिवाय पाठवायचं नाही, आउटपुट स्टेज जळू शकते. अँटेना घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए यांची गल्लत करू नका. दोन्हीचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन टेकत नाही आणि रेंज पन्नास मीटरवर येते. स्वतः तार लावणार असाल तर ८६६ ला पाव लांबी सुमारे ८२ मिलिमीटर. ४३३ ची १७ सेंटिमीटरची तार इथे चालवू नका.

आता ज्यात खरी गोम आहे त्या उंचीकडे. दीड किलोमीटरवर मोकळ्या हवेत ८६६ मेगाहर्ट्झचा तोटा सुमारे ९५ डीबी. १७ डीबीएमनं (डीबीएम म्हणजे १ मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) पाठवलं आणि दोन्ही अँटेना २-२ डीबीचे धरले, तर समोर उणे ७४ डीबीएम पोचायला हवेत. एसएफ १० वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; तो वाढवला की पॅकेट हळू जातं, पण कमजोर सिग्नलही ऐकू येतो) चिप उणे १३२ पर्यंत ऐकते, म्हणजे कागदावर ५८ डीबी शिल्लक. मग प्रत्यक्षात तुटतं कशामुळे? जमिनीवरून परतलेली लाट थेट लाटेला मारते म्हणून. सपाट जमिनीचा हिशोब केला तर दोन्ही अँटेना दीड मीटरवर असताना तोटा १२० डीबीच्या घरात जातो. दोन्ही पाच मीटरवर नेले की ९९. फरक २१ डीबी, म्हणजे ट्रान्समीटरची ताकद शंभरपटीहून जास्त वाढवल्यासारखं. १०० मिलिवॉटऐवजी १ वॉटचं मॉड्यूल घेतलं तर मिळतात फक्त १०. आणि हा झाला उघड्या जमिनीचा हिशोब. अँटेना उसाच्या शेंड्याखाली असेल तर ऊस जे खातो ते वेगळंच. म्हणून पैसे मॉड्यूलवर नाही, जीआय पाइपवर घाला: वस्तीवर गच्चीच्या वर, मोटरीकडे किमान पाच-सहा मीटर. पाइप विहिरीच्या किंवा जॅकवेलच्या कठड्याला पक्का बांधा; काठाच्या उताराखाली उभा केला तर निम्मी उंची मातीतच गेली.

पाइपावर अँटेना आणि खाली पेटीत मॉड्यूल अशी सोय करू नका. आरजी५८ केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते, बारीक आरजी१७४ त्याच्या दुप्पट. त्यापेक्षा मॉड्यूल आणि कंट्रोलर प्लास्टिकच्या पाणीबंद डब्यात वरच ठेवा आणि खाली फक्त १२ व्होल्टच्या वायरी आणा. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत अँटेना ठेवणं म्हणजे तो नसल्यासारखाच. खालची पेटीही २०१९ च्या पुराची खूण जिथवर आहे त्याच्या वर बसवा, हे कृष्णाकाठी वेगळं सांगायला नको.

सेटिंग: एसएफ १०, कोडिंग रेट (चूक दुरुस्तीसाठी जोडलेल्या जादा बिटांचं प्रमाण) ४/५, पॉवर १७. बारा बाइटचं पॅकेट यात पावसेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ घेतं. एसएफ १२ ला तेच पॅकेट सव्वा सेकंदाच्या जवळपास जातं आणि फायदा जेमतेम चार डीबीचा. आधीच एसएफ १२ लावून टाकू नका, तो अडचणीसाठी राखून ठेवा.

तपासणी सुरू करताना दोन्ही मॉड्यूल टेबलावर शेजारी ठेवून पूर्ण ताकदीनं पाठवू नका, रिसीव्हर गुदमरतो आणि उगीच चुका दिसतात. पॉवर २ डीबीएम करा, दोन खोल्यांचं अंतर ठेवा, शंभरपैकी शंभर पॅकेट आली की शेताकडे निघा.

शेतात मोटरीकडचा संच कायमच्या जागी, कायमच्या उंचीवर बसवा. दुसरा संच मोबाईलला जोडून बांबूच्या टोकाला धरा. हातात किंवा गाडीत धरून घेतलेलं माप निरुपयोगी, कारण अंग आणि पत्रा दोन्ही सिग्नल खातात. दोन्ही अँटेना उभे. एका बाजूनं क्रमांक घातलेलं पॅकेट दर दोन सेकंदांनी पाठवा, दुसऱ्या बाजूनं तोच क्रमांक आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलची ताकद) आणि एसएनआरसह (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) परत पाठवा. जाताना आणि येताना असे दोन्ही आकडे लिहा. दोन्हीत मोठा फरक आला तर एका टोकाला गोंगाट आहे, आणि तो बहुधा मोटरीकडेच असतो. म्हणून माप मोटर चालू ठेवून घ्या. रात्रीच्या पाळीची लाईट असेल तर रात्री जा.

प्रत्येक ठिकाणी शंभर पॅकेट मोजा. कमजोर सिग्नलला आरएसएसआयचा आकडा फसवतो, तिथे एसएनआर बघा: एसएफ १० उणे १५ डीबीपर्यंत तग धरतं. एसएनआर उणे १२ दिसत असेल तर आज चालतंय म्हणून खूश होऊ नका, पहिल्या पावसात जाईल.

शिल्लक मोजायची सोपी पद्धत अशी: वस्तीवर कायमच्या जागी उभं राहून पॉवर १७ वरून ७ करा. तरी शंभरातली ९८ आली तर किमान १० डीबी हाताशी आहेत. ऊस तुटून गेल्यावर, मोकळ्या रानात तपासत असाल तर १० वर थांबू नका, पॉवर २ पर्यंत खाली आणून बघा. फड पुन्हा उभा राहील तेव्हा ते डीबी लागतीलच. तिथे अडलं तर उंची वाढवा. मधे खरंच टेकाड किंवा दाट झाडी असेल तर दोन्ही टोकं दिसतील अशा जागी तिसरं मॉड्यूल रिपीटर (ऐकलेलं पॅकेट पुढे पाठवणारा) म्हणून बसवा.

कमांड 'बदल' अशी पाठवू नका. 'चालू' आणि 'बंद' वेगळ्या ठेवा. नाहीतर पोच (कमांड मिळाल्याचं उलट उत्तर) हरवून तेच पॅकेट दुसऱ्यांदा गेलं की चालू झालेली मोटर बंद होईल. पोच आली नाही तर तीनदा पाठवा, मधला वेळ थोडा कमीजास्त ठेवून. पोचेत रिले ओढला एवढंच नको, काँटॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या, मोटरीची लाईट जोडणाऱ्या मोठ्या विद्युत स्विचच्या) मोकळ्या काँटॅक्टवरून मोटर खरंच लागली का ते कळवा. मोटरीकडच्या संचाला १२ व्होल्टची बॅटरी द्याच. ती नसेल तर लाईट गेली की रेंज गेली हे वस्तीवरून कधीच कळणार नाही.

शेवटी स्टार्टर, कारण रेंज जमल्यावर बरेच जण इथे अडतात. शेतीच्या लाइनला अनेक ठिकाणी न्यूट्रल नसतो. अर्थिंगला न्यूट्रल समजून २३० व्होल्ट काढू नका, ते जिवावर बेतणारं आहे. दोन फेजांवर चालणारा ४४०/१२ व्होल्टचा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा. स्टार्टरची कॉइलही अनेकदा ४१५ व्होल्टची असते, आणि निळ्या चौकोनी रिलेवर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं. तो थेट लावला तर ठिणगीनं काँटॅक्ट चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. मधे ४१५ व्होल्ट झेपणाऱ्या काँटॅक्टचा, १२ व्होल्ट कॉइलचा छोटा काँटॅक्टर ठेवा. चालूचा काँटॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, एका सेकंदाचा. बंदचा लाल बटणाच्या ओळीत, एरवी जोडलेला. आणि एक लोकल-रिमोट स्वीच पेटीवरच बसवा, म्हणजे कोणी पंपावर काम करत असताना वस्तीवरून मोटर लागणार नाही. ही जोडणी लाईट बंद करून, स्टार्टरचं काम जाणणाऱ्या वायरमनकडूनच करून घ्या.