काकांचं ऑपरेशन आणि संख्याशास्त्राची वाट

प्रश्न : मी संख्याशास्त्र घेऊन टीवायबीएस्सीला आहे. काकांचं अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ‘आता किती वर्षं?’ या प्रश्नाला डॉक्टरांनी नेमकं उत्तर दिलं नाही. ते उत्तर देणारं एआय मॉडेल मला बनवायचंय. आठ महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करू की एमएस्सी?

उत्तर : एमएस्सी कर.

समज, ऑपरेशन झालेल्या शंभर जणांपैकी तीस जण दोन वर्षांनी तपासणीला यायचे बंद झाले. ते गेले, की बरे होऊन शेतात राबतायत? त्यांना यादीतून वगळलं तरी हिशेब चुकतो, मेलेले धरले तरी चुकतो. ते जेवढे दिवस नजरेसमोर होते तेवढेच मोजायचे, ही संख्याशास्त्रज्ञ कॅप्लान आणि मायर यांची १९५८ची रीत. आजार किती खोल गेलाय, किती लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) बाधित आहेत, वजन किती उतरलं, या सगळ्याचा एकत्रित परिणाम तपासायला कॉक्स यांचं १९७२चं मॉडेल. हा पाया घाईघाईच्या कोर्सात पक्का होत नाही.

अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या उपचारांवरच्या नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीचा २०१२चा निकाल वाच. आधी केमो-रेडिएशन आणि मग ऑपरेशन झालेल्या गटात जगण्याचा मध्यक ४९.४ महिने, थेट ऑपरेशनच्या गटात २४. मध्यक म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको : निम्मे त्याआधीच गेले, निम्मे पुढेही जगले. काका कुठल्या निम्म्यात, हे त्या आकड्यात नाही. डॉक्टर टाळत नव्हते, बाळा.

आणखी एक. त्या चाचणीतले सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण अॅडिनोकार्सिनोमाचे, म्हणजे ग्रंथीच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरचे. आपल्याकडे स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतून होणारा प्रकारच जास्त. तिथल्या रुग्णांवर बेतलेलं मॉडेल इथे किती खरं ठरतं, ते इथल्याच नोंदींवर तपासावं लागतं. तुझ्यासारख्यांची गरज आहे ती इथे.

आयआयटीतल्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपर दे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. जैवसंख्याशास्त्रासाठी मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था बघ. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आजपासून शिक, फुकट आहे. एआय नंतर येईलच, पळून जात नाही.

काकांच्या पुढच्या तपासणीला मात्र तू सोबत जा. त्यांच्या फाइलीतल्या पॅथॉलॉजी रिपोर्टात दोन आकडे शोध : किती लिम्फ नोड काढले आणि त्यांतले किती बाधित निघाले.