डॉक्टर केअर्स घ्यावा का? मतं दोन टोकांची का आहेत ते आधी बघा

तुमचा प्रश्न असा, की ‘डॉक्टर केअर्स – पेट रेस्क्यू ९११’ हा जनावरांच्या दवाखान्याचा गेम सेलमध्ये दिसतोय, निम्मे लोक त्याच्यावर जीव ओवाळून टाकतायत, निम्मे म्हणतायत की दोन तासांत कंटाळा आला, मग खरं कुणाचं मानायचं? शिवाय धाकट्या बहिणीला पशुवैद्य व्हायचंय, तिला यातून काही कळेल का?

पहिल्याचं उत्तर: दोघांचंही खरं आहे. फक्त बोलणारा काय हुडकत आला होता ते बघायचं.

मी या जातीचे, म्हणजे वेळ संपायच्या आत गिऱ्हाइकं सांभाळायचे गेम ‘डायनर डॅश’पासून खेळतेय. तो २००३-०४ च्या सुमाराचा. तेव्हा अशा गेमचा तासभराचा फुकट ट्रायल मिळायचा आणि तो तास नेमका दारात रांग लागलेली असताना संपायचा! त्यात फ्लो नावाची बाई ऑफिसातली नोकरी सोडून खानावळ उघडते, संपली गोष्ट. बाकी सगळं टेबल, ऑर्डर, ताट, बिल. पुढे ‘डिलिशस’ या गेममालिकेतली एमिली आली आणि हळूहळू चित्र पालटलं. तिचं पॅट्रिकशी लग्न झालं, मुलगी झाली, नातेवाइकांची भांडणं झाली, आणि लोक पुढची लेव्हल खेळायला नाही तर पुढे काय झालं ते बघायला बसू लागले. ही मालिका काढणाऱ्या गेमहाउस कंपनीने हाच साचा पकडून इतरही नायिका उभ्या केल्या. फॅशनवाली अँजेला, आणि ‘डॉक्टर केअर्स’मधली ही आपली एमी. नुकतीच शिकून बाहेर पडलेली जनावरांची डॉक्टर, लहान गाव, घरचा दवाखाना.

आता खेळायचं म्हणजे काय? कुत्रं, मांजर, ससा घेऊन मालक येतात. त्यांना हवं ते ठिकाण, हवी ती वस्तू, हवा तो उपचार तुम्ही क्लिक करून द्यायचा. डोक्यावरच्या खुणांवरून त्यांचा धीर किती उरलाय ते कळतं, तो संपायच्या आत पैसे घेऊन वाटेला लावायचं. तीन-चार गिऱ्हाइकांचं बिल एकदम लागोपाठ केलं की जास्त गुण. म्हणजे खरं कौशल्य चपळाईत कमी आणि थांबण्यात जास्त. एकाचं काम झालं तरी त्याला जरा ताटकळत ठेवायचं, दुसरा तयार झाला की दोघांना एकत्र मोकळं करायचं. हे ज्याला उमगतं त्याला लेव्हलच्या तीन ताऱ्यांपैकी तिसरा तारा मिळतो. ज्याला उमगत नाही तो नुसता धावतो, दमतो, आणि मग लिहितो की सगळ्या लेव्हल सारख्याच आहेत. त्याचंही फार चुकत नाही म्हणा. साठ लेव्हलची गोष्ट, म्हणजे मधल्या वीसेक लेव्हलमध्ये ‘हे परवाच केलं की’ असं मलाही वाटलं.

गोष्टीसाठी खेळणाऱ्यांची तक्रार वेगळी आणि घड्याळाशी शर्यत म्हणून खेळणाऱ्यांची वेगळी. घड्याळवाला म्हणतो, दर लेव्हलच्या आधी आणि नंतर ही गोष्टीतली माणसं बोलत बसतात. अहो, मग ते दृश्य गाळून पुढे जा, बटण आहे! गोष्टीवाला म्हणतो, मला पुढचं बघायचंय आणि ही रांग मध्ये कडमडतेय. मला विचाराल तर या गेमची गंमत दोघांच्या मधल्या एका जागेत आहे, आणि तिच्याबद्दल मतं लिहिणारे फारसं बोलत नाहीत. कितीतरी लेव्हलमध्ये गोष्टीतलंच एखादं काम दवाखाना भरलेला असताना उपटतं. इथे मालक घड्याळ बघतायत आणि तिकडे घरच्या कुणाला तरी एमी आत्ताच हवी असते. जायचं तर गिऱ्हाइकं रुसतात, न जावं तर काम राहतं. घर आणि धंदा एकाच छताखाली असला की काय होतं, हे कुठल्याही संवादापेक्षा तिथे जास्त कळतं. माझ्या आजोळी किराणा दुकान होतं, त्यामुळे मला ते जरा जास्तच लागू पडलं असेल.

बहिणीबद्दल. माझी भाची पशुवैद्यकी शिकतेय, साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. तिला मी हा गेम दाखवला तर ती दहा मिनिटांत हसायला लागली. म्हणाली, “मावशी, यात धीर मालकाचा संपतो, जनावराचा नाही.” मुद्दा बिनतोड आहे. खऱ्या दवाखान्यात आधी कोण आलं किंवा कोण वैतागलं यावर नंबर ठरत नाही. बोक्याची लघवी अडली असेल आणि मालक शांतपणे कोपऱ्यात बसला असेल, तरी तो बोका सगळ्यांच्या आधी आत. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो. गेममध्ये लस आणि आंघोळ यांना जवळपास सारखाच भाव. तेव्हा अभ्यास म्हणून घेऊ नका. हौस म्हणून बहिणीला खुशाल द्या.

उपचारांचे छोटे खेळही मध्ये मध्ये येतात. बरे आहेत, एवढंच.

आणखी कसदार गोष्ट हवी असेल तर ‘हार्ट्स मेडिसिन – टाइम टू हील’ बघा. २०१६ चा, ब्लू जिराफ या डच स्टुडिओचा. माणसांचं हॉस्पिटल, डॉक्टर अ‍ॅलिसन हार्ट, आणि गोष्ट बरीच जड. एमीच्या दवाखान्यात वातावरण हलकं असतं. रात्री जेवणानंतर अर्धा तास खेळायला मला एमीच बरी वाटते, पण हा वयाचा परिणाम असू शकतो.

पैशाचं म्हणाल तर मोबाइलवर सुरुवातीच्या लेव्हल फुकट असतात. त्या आधी खेळा. त्यातच गोष्ट कंटाळवाणी वाटली तर पुढेही वाटणार, कारण सूर बदलत नाही. आवडलं तर संगणकावर सेलमध्ये घ्या, माऊसने खेळा. फोनच्या छोट्या पडद्यावर दोन मांजरं शेजारी बसली की माझं बोट हमखास चुकीच्या मांजरावर पडतं. आणि पहिल्या फेरीत ताऱ्यांच्या मागे लागू नका. गोष्ट संपवा, मग जी लेव्हल डोक्यात बसली असेल तीच परत काढा. माझ्या अजून सात लेव्हल दोन ताऱ्यांवर अडकल्यात.